वाचनालयात स्पॅनिश बोलण्यास सक्त मनाई

आधीच सांगून टाकतो, मी शिक्षक नाही. म्हणजे शिकवतो, पण शिक्षक नाही. पोटापाण्यासाठी मी कुरिअरच्या ऑफिसात बसतो आणि पार्सल कुठं अडकलंय ते लोकांना फोनवर सांगतो. स्पॅनिश माझं मी शिकलोय. येता-जाता, कानात इयरफोन घालून, दीड वर्ष. एक जुना ऑडिओ कोर्स मिळाला होता, तो मी इतक्या वेळा ऐकला की त्यातला खोकलासुद्धा मला पाठ आहे.

हे कसं कुणास ठाऊक आत्याला कळलं. म्हणजे आईनंच सांगितलं असणार. आत्या समोरच्याच दारात राहते, त्यामुळे आमच्या घरातली बातमी तिच्याकडे पोचायला चप्पल घालायचीसुद्धा गरज पडत नाही.

"मला शिकव ती भाषा," ती म्हणाली. मी दाढी करत होतो.

"कशाला?"

"विहीणबाईंशी बोलायचंय."

इथं थोडं सांगायला लागेल. माझा आतेभाऊ नोकरीसाठी परदेशात गेला, तिकडचीच स्पॅनिश बोलणारी मुलगी केली आणि तिकडेच राहिला, तोही सासुरवाडीच्या घरात. दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला तो, सून आणि सुनेची आई. आत्याला त्यांची भाषा येत नाही, त्यांना आपली येत नाही. मध्ये दुभाषा कोण, तर हा.

"मी विचारते, 'विहीणबाई, हा नीट राहतो ना?' हा त्यांच्याकडे बघून दोन शब्द बोलतो. त्या पाच मिनिटं बोलतात. हात हलवतात, डोळे मोठे करतात, एकदा तर कपाळावर हात मारला. आणि हा मला काय सांगतो? 'म्हणतायत, हो.'"

"पाच मिनिटांचं 'हो'?"

"तेच म्हणते मी! माझ्या पोराची चौकशी मी पोराच्याच तोंडून करायची. आरोपी तोच, वकील तोच, साक्षीदारही तोच."

"मग वहिनीला विचार."

"ती नवऱ्याचीच री ओढणार, नवीन आहे अजून. खरं सांगतील तर विहीणबाई. बाईच्या डोळ्यांत दिसतंय, तिला सांगायचंय काहीतरी." आत्या हळूच म्हणाली, "गेले काही रविवार तो खूप हसतोय रे. एवढा तो कधी हसत नाही."

यावर मी दाढीचं रेझर खाली ठेवलं.

तारीखही तिनंच काढली होती. दोन महिन्यांनी आतेभाऊ आणि वहिनी एका लग्नाला चार दिवस बाहेरगावी जाणार होते. त्या रविवारी विहीणबाई घरात एकट्या. त्या दिवशी आत्या फोन करणार आणि एकच प्रश्न विचारणार. आठ आठवडे आणि एक प्रश्न. मी म्हटलं, हे तर चुटकीसरशी होईल. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या वाईट गोष्टींची सुरुवात या वाक्यानं झालेली आहे.

पहिला धडा आमच्या घरी घेतला. आई दर दोन मिनिटांनी डोकावून "वन्सं, चहा टाकू का?" विचारत होती. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या आणि साखर न घेता बसल्या. "मी म्हणते, या वयात कशाला? फोनमध्ये असतं की एक, आपण बोललो की तेच बोलतं. माझ्या भाचीनं त्याच्यावर टॅक्सी बोलावली होती." मग टॅक्सी कशी दुसऱ्याच स्टेशनवर गेली ती गोष्ट पाऊण तास चालली. धडा संपला तेव्हा आत्याला स्पॅनिशचे शून्य शब्द येत होते आणि काकूंच्या भाचीचं सासर पाठ झालं होतं.

म्हणून जागा शोधायला निघालो. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी असते. कार्यवाहांना भेटलो. कार्यवाह म्हणजे असा माणूस, की त्यांना नमस्कार केला तरी ते आधी तो कुठल्या नियमाखाली बसतो ते बघतात.

"एका विद्यार्थ्यासाठी खोली देता येत नाही. किमान आठ."

आत्या धरून आठ माणसं आणली. कशी आणली ते विचारू नका. त्यातले दोन मोलाचे. एक दातांच्या डॉक्टरबाई, त्यांच्याकडे परदेशी पेशंट येतात. आणि दुसरे कॅशियर काका, रिटायर्ड. त्यांना काहीच कारण नव्हतं, पण घरातून रोज दोन तास बाहेर पडायला अधिकृत निमित्त हवं होतं.

पहिल्याच दिवशी मी मोठ्यानं म्हटलं, "आता सगळ्यांनी माझ्यामागून म्हणा." आठ जण म्हणाले. दार उघडलं. कार्यवाह. त्यांनी काही न बोलता भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "शांतता राखा."

"साहेब, भाषेचा वर्ग आहे."

"असेल. वाचनालय आहे."

तर माझा वर्ग हा असा वर्ग झाला, जिथं बोलायला शिकवतात पण बोलायला मनाई आहे. दुसऱ्या कुणी हात टेकले असते. मी स्वतः शिकलेला माणूस, मला हात टेकायला कुणी शिकवलंच नाही. मी त्या आठवड्यात ऑनलाइन कागद उघडला. सगळ्यांच्या फोनवर एकच कागद, सगळ्यांनी एकाच वेळी त्यात लिहायचं, दुसऱ्यानं लिहिलेलं दुरुस्त करायचं. आणि बोलायचं काम घरी: प्रत्येकानं आपापला आवाज रेकॉर्ड करून एका सामायिक फोल्डरमध्ये टाकायचा, बाकीच्यांनी ऐकून मत द्यायचं. मला तेव्हा स्वतःचा इतका अभिमान वाटला की ऑफिसात एका बाईंना मी त्यांचं पार्सल हरवल्याचं आनंदानं सांगितलं.

त्या कागदाची एक खोड होती. नाव न टाकता आत आलात की तो तुम्हाला स्वतःच एखाद्या प्राण्याचं नाव द्यायचा. कॅशियर काका आले ते "अनामिक पाणघोडा" म्हणून.

शांत खोलीत ते कुजबुजले, पण ती कुजबूज जिन्यापर्यंत गेली असणार. "मी अडतीस वर्षं कॅशला होतो. एक रुपयाचा फरक नाही. आणि पाणघोडा?"

"काका, नाव टाका म्हणजे जाईल."

"नाही टाकणार. हे नाव देणाऱ्यांनी माफी मागायला पाहिजे."

तेव्हापासून पाणघोडा सगळ्यांच्या चुका दुरुस्त करायला लागला. त्यांना स्पॅनिश येत नव्हती, पण कागदाचे समास आखता येत होते. डॉक्टरबाईंनी वाक्य लिहिलं की पाणघोडा ते उचलून ओळीत नीट बसवणार, दोन शब्दांतली मोकळी जागा काढणार, खाली रेघ मारणार. आत्या घाबरून म्हणायची, "अरे, माझं वाक्य पळालं!" आणि खरंच तिच्या डोळ्यांदेखत ते वाक्य कागदावर खाली खाली जात असायचं.

रेकॉर्डिंगची वेगळीच तऱ्हा. चांगल्या आवाजासाठी कपड्यांच्या कपाटात बसा असं मी सुचवलं. इंटरनेटवर तसंच सांगतात. आत्यानं ते मनावर घेतलं. रोज दुपारी ती कपाटात बसायची, दार लावून, फोन हातात, साड्यांच्या मधे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आईकडे आल्या, चेहरा पांढरा.

"तुमच्या नणंदबाई कपाटात आहेत."

"हो, अभ्यास करतात."

"आत कुणाशी तरी बोलतात हो. आपल्या भाषेत नाही."

त्यांनी आत्याला तीन डॉक्टर आणि एक आयुर्वेदिक तेल सुचवलं. आत्यानं तेल आणलं. गुडघ्यांना बरं वाटलं म्हणे, कपाटात बसून ते आखडले होते.

पाचव्या आठवड्यात कार्यवाहांनी मला खाली बोलावलं. "तुमच्या वर्गाबद्दल समितीत चर्चा झाली."

"आता तर एक आवाज येत नाही साहेब."

"तीच अडचण आहे. आवाज येत नाही. मग वर्ग भरतो हे कशावरून?"

मी पाटीकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. पाटीनं आमच्यापैकी कुणालाच मदत केली नाही.

"घरी रेकॉर्डिंग करतात," मी म्हटलं. "पुरावा आहे."

"आणा. तीन प्रतींत. प्रत्येक आवाजाखाली ज्याचा आवाज त्याची सही."

आवाजाखाली सही कशी करतात हे मला आजही माहीत नाही. पण आम्ही केलं. सगळी रेकॉर्डिंग्ज ऐकून मी कागदावर लिहिली, आठ जणांनी सह्या केल्या. कॅशियर काकांकडे रिटायर होताना ऑफिसनं भेट दिलेला एक गोल शिक्का होता, त्यावर फक्त "मिळाले" असं होतं. त्यांनी तो प्रत्येक पानावर मारला. कार्यवाहांनी शिक्का बघितला आणि मान डोलावली. शिक्क्यावर काय लिहिलंय यापेक्षा तो गोल आहे हे महत्त्वाचं होतं.

आणि मग डॉक्टरबाई आल्या. ठरलेल्या रविवारला पाच दिवस उरले होते.

"सर," त्या म्हणाल्या. वर्गात मला सर म्हणणाऱ्या त्या एकट्याच. "काल माझ्याकडे खरा स्पॅनिशवाला पेशंट आला. दाढ दुखत होती."

"अरे वा! बोललात?"

"बोलले. मी म्हटलं, 'तुमचा', मग थांबले. तो म्हणाला, 'तुमचा.' मी म्हटलं, 'कुठला दात', थांबले. तो म्हणाला, 'कुठला दात.' सर, तो बिचारा तोंडात कापूस घेऊन माझ्यामागून म्हणत होता."

"थांबलात कशाला?"

"तुम्ही थांबता म्हणून."

मी म्हटलं, मी नाही थांबत. डॉक्टरबाईंनी फोन काढला आणि मीच टाकलेलं रेकॉर्डिंग लावलं. "नमस्कार." चार सेकंद शांतता. "तुम्ही." चार सेकंद. "कसे आहात." चार सेकंद.

त्या जुन्या कोर्समध्ये प्रत्येक शब्दानंतर विद्यार्थ्याला म्हणायला जागा सोडलेली असते. दीड वर्षात मी शब्दांबरोबर त्या जागाही शिकलो होतो. आणि पुढं आठ जणांना शिकवल्या होत्या. खोलीत मोठ्यानं बोललो असतो तर पहिल्याच दिवशी कुणीतरी हसलं असतं आणि कळलं असतं. आम्ही शांत राहिलो आणि चूक नीट मुरू दिली. मी कपाळाला हात लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "जाऊ दे सर, उच्चार छान आहेत." एवढं गोड बोलून कुणी कुणाचा अपमान केलेला मी ऐकला नव्हता.

मी ते सुधारायला गेलो, ही दुसरी चूक. एक प्रोग्राम मिळाला, तो रेकॉर्डिंगमधली शांतता आपोआप कापतो. मी संपूर्ण फोल्डर त्यात घातला. त्यानं शांतता कापली, श्वास कापले, शब्दांची टोकं कापली, आणि सगळं त्याच जागी परत ठेवलं, जुन्यावर. सामायिक फोल्डर ना, माझ्याकडचं गेलं तसं सगळ्यांकडचं गेलं.

आत्या त्या संध्याकाळी आमच्याकडे आली. फोन पुढं धरला. त्यातून तिचाच आवाज येत होता, पण शिट्टी झालेल्या कुकरसारखा, एका दमात.

"ही मी आहे?"

"आत्या, मी..."

"एकतीस दिवस कपाटात बसले मी." ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीवर बसली. "नाही जमायचं रे. रविवार राहू दे."

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी जेवायच्या ताटावरून उठलो.

त्यातून सुचलं ते मदत पथक. मी आत्याला म्हटलं, तू पाठ करूच नकोस. तू फोनवर बोल, शेजारी लॅपटॉपवर आपला कागद उघडा असेल. बाकीचे सात जण घरून माझ्या फोनवर ऐकतील आणि पुढचं वाक्य कागदावर लिहीत जातील. तू वाचायचं. सात डोकी तुझ्या पाठीशी! आत्यानं विचारलं, "पाणघोडाही?" "तोही." "बरं," ती म्हणाली, पण तिचा चेहरा बरा नव्हता.

रविवार. आत्यानं चांगली साडी नेसली होती. कॉल लागला. विहीणबाई एकट्याच, स्वयंपाकघरात, ॲप्रन बांधलेला. आत्याला बघून खूश झाल्या आणि मग शेजारी कुणी दिसेना म्हणून गोंधळल्या.

आत्यानं कागदाकडे बघितलं. डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं: "नमस्कार, तुम्ही कशा आहात?" आत्यानं वाचलं, कापलेल्या रेकॉर्डिंगच्या वेगानं. विहीणबाई मागं सरकल्या. आत्यानं पुढं बघितलं तर तिथं दोन वाक्यं झाली होती, मग चार. कुणीतरी हवामानाबद्दल लिहिलं. कुणीतरी ते खोडलं. आत्या "तुमच्याकडे आज" पर्यंत पोचली तोवर पाणघोड्यानं ओळ मधोमध आणली, आणि तिच्या तोंडून पुढं जे गेलं ते वरच्या शीर्षकातलं होतं: धडा पाचवा, हरवलेली बॅग.

विहीणबाईंनी काळजीनं विचारलं, बॅग हरवली का? माझ्या फोनमधून कॅशियर काका ओरडले, "रेघ मारू नका, मी मारतोय!" कागदावर वाक्यं वर-खाली धावत होती, आणि आत्या त्यांच्यामागं मान हलवत होती, टेनिस बघितल्यासारखी.

मग तिनं लॅपटॉप मिटला. हळूच, पुस्तक मिटतात तसा. माझा फोन उचलून माझ्या हातात दिला आणि मी सातही जणांना बंद केलं.

चष्मा काढला. स्क्रीनकडे बघितलं. स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"मी आई," ती म्हणाली. स्पॅनिशमध्ये. मग बोट पुढं केलं. "तुम्ही आई."

विहीणबाईंनी ॲप्रनला हात पुसले.

"माझा मुलगा," आत्या म्हणाली. "खरं."

तीन तुकडे. त्यांच्यात क्रियापद शोधून सापडलं नसतं. विहीणबाईंनी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, घरात कुणी नव्हतं तरी. फोन जवळ घेतला. आणि बोलायला लागल्या.

खरं सांगतो, मला त्यातला तिसरा हिस्साही कळला नाही. माझ्या कोर्समध्ये लोक हॉटेलात खोली मागतात. रडवेल्या आवाजात कुणी बोलत नाही. पण आत्या माझ्याकडे बघेल या भीतीनं मी तोंड उघडलं. "म्हणजे थोडक्यात त्यांचं म्हणणं असं की..."

"थोडक्यात नको," आत्या म्हणाली. नजर स्क्रीनवरच.

आम्हाला काही कळत नाहीये हे विहीणबाईंच्याही लक्षात आलं असावं. त्या बोलायच्या थांबल्या, फोन कशाला तरी टेकवून उभा केला आणि मागं गेल्या. ओट्यापाशी उभ्या राहिल्या. हातात रिकामी ताटली घेतली. खांदे पाडले. खिडकीबाहेर बघत भराभर खाल्ल्यासारखं केलं, आपल्याकडे पाठ करून.

आत्याचा हात तोंडावर गेला.

"उभ्यानं जेवतोय," ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच. "मनात काही डाचत असलं की हा उभ्यानं जेवतो. दहावीला एक विषय राहिला होता तेव्हा आठवडाभर असाच. आणि सांगितलं कुणाला नाही."

विहीणबाई परत आल्या. एक शब्द म्हणाल्या, तो मात्र मला येत होता. "काम." आणि हात आडवा हलवला. मग तीन बोटं. तीन महिने. रोज सकाळी तो डबा घेऊन बाहेर पडतो, असं त्यांनी चालून दाखवलं, आणि बागेत बसतो, असं बसून. बाकीचं खुणांनी सांगितलं: त्यांनी स्वतः त्याला तिथं बघितलं होतं. वहिनीलासुद्धा माहीत नव्हतं. त्याला कळू न देता त्या रोज त्याच्या डब्यात थोडं जास्त घालत होत्या.

आत्या रडली नाही. तिनं पदरानं चष्मा पुसला, घातला, आणि मला म्हणाली, "तू बाहेर जा आता. आम्हाला बोलायचंय."

"आत्या, पण तुला भाषा..."

"जा."

मी बाहेर जिन्यात उभा राहिलो. शिक्षकाला वर्गातून काढतात हे मी ऐकलं नव्हतं. शेजारच्या काकू तिथं होत्याच. "काय, जमलं का?" मी म्हटलं, माहीत नाही. आत चाळीस मिनिटं दोन बायका बोलत होत्या, एक मराठीत, एक स्पॅनिशमध्ये, कुणी कुणासाठी थांबत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम आत्याकडे गेलो. आतेभाऊ स्क्रीनवर आला. हसत होता, खूप. मागं वहिनी, त्यांच्या मागं विहीणबाई.

"सगळं छान आहे गं आई! तू कशी..."

"बस आधी," आत्या म्हणाली.

"अगं, ठीक आहे, मी..."

"खुर्ची घे. बस. मग बोल."

त्याचं हसू तसंच राहिलं, पण मागून कुणी दोर सोडल्यासारखं ढिलं पडलं. त्याच्या मागं खुर्ची आली. विहीणबाईंनी ती आणून ठेवली होती. त्यानं आईकडे बघितलं. मग सासूकडे. मग परत आईकडे.

बसला. आणि बोलायला लागला. मराठीत, मान खाली घालून, थांबत थांबत. आत्या काही न विचारता ऐकत होती. वहिनीनं हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

विहीणबाईंना यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी मागूनच भुवया उंचावून आत्याला विचारलं, काय म्हणतोय? आत्यानं एकच स्पॅनिश शब्द हळू उच्चारला. मी तो कधी शिकवला नव्हता. घरी जाऊन डिक्शनरीत बघितला तेव्हा कळला.

"नंतर."